दहा मोजेपर्यंत

व्यायामवाले डॉक्टर केशकर्तनाच्या दुकानात शिरले आणि कुणाला काही न विचारता थेट पहिल्या खुर्चीवरची चादर खाली ओढून बसले. केस कानांवरून उतरून कॉलरीत शिरलेले, पुढची झुलपं डोळ्यांवर. पाच महिने या डोक्याला कात्री लागली नव्हती.

"अहो डॉक्टर, ती खुर्ची बंद आहे," शेजारच्या खुर्चीमागून धाकटा भाऊ म्हणाला. "सोमवारपासून नवा कारागीर येतोय तिथे. आज माझ्याकडे बसा."

"मी काकांकडूनच कापून घेणार. तसं ठरलंय आमचं."

काका, म्हणजे दुकानातले थोरले भाऊ, कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या घालत होते. ठरलंय कसलं डोंबलाचं! पाच महिन्यांपूर्वी त्यांचा उजवा खांदा असा काही आखडला, की शर्टाची बाही चढवताना डोळ्यांत पाणी यायचं. तेव्हा उपचार करणारा हा कालचा पोरगा म्हणाला होता, "काका, माझे केस आता तुम्हीच कापायचे. तोवर मी वाढवतो." थोरल्यांना वाटलं, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण माणूस हट्टाला पेटलेला निघाला. इकडे डॉक्टरांचे केस खाली येत गेले, तिकडे दवाखान्याच्या भिंतीवर थोरल्यांची बोटं वर चढत गेली. आधी शेक, मग भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, आणि जिथे अडेल तिथे दहा मोजेपर्यंत धरायचा. पहिल्या दिवशी चारलाच त्यांनी आईची आठवण काढली होती.

"दादा," धाकटा जवळ येऊन हळूच म्हणाला, "भिंत वेगळी आणि गिऱ्हाईक वेगळं. अर्ध्यावर हात खाली आला तर चारचौघांत तुझं हसं होईल. मला नाही बघवणार ते."

थोरल्यांनाही तीच भीती होती. तीस वर्षं ज्या खुर्चीमागे उभं राहिलो, ती आज हातची गेली की कायमची गेली. त्यांनी घडी अर्धवट टाकली आणि कात्री उचलली.

कानांच्या बाजू झाल्या, मानेवरचे झाले. तिथवर हात खालीच लागतो, त्यात कसली मर्दुमकी! मग माथा आला. थोरल्यांचा पाय गुपचूप खुर्ची खाली घ्यायच्या दांड्याकडे गेला.

"खुर्ची खाली नको," डॉक्टर समोरच्या आरशातून म्हणाले.

"अहो, तुम्ही बसूनसुद्धा माझ्याएवढे दिसता!"

"म्हणून तर नको."

थोरल्यांनी दात आवळून हात उचलला. डॉक्टरांनी लगेच मान वळवली. "काका, चोरी! खांदा कानाला भेटायला चाललाय. खांदा खाली, हात वर."

बाकावरची गिऱ्हाइकं खो खो हसली. थोरल्यांचं डोकंच फिरलं. आपल्याच दुकानात, आपल्याच खुर्चीवर बसून हा आपल्याला शिकवणार?

"मान सरळ ठेवा!" ते कडाडले. "तुमच्या दवाखान्यात तुम्ही म्हणाल तसा मी हललो. इथे मी म्हणेन तेव्हाच तुम्ही हलायचं!" आणि दोन्ही हातांनी डॉक्टरांचं डोकं वरून धरून त्यांनी ते आरशासमोर सरळ केलं.

बाकावरची गिऱ्हाइकं माना उंचावून बघायला लागली. थोरल्यांना कळेना, सगळे असे काय बघताहेत. मग त्यांनी आरशात पाहिलं. उजवा हात डॉक्टरांच्या माथ्यावर होता. खांदा होता तिथेच, खाली.

त्यांनी तो हात खाली घेतलाच नाही. डाव्या हातात कंगवा घेतला, उजव्यात कात्री, आणि कचकच सुरू झाली. आत ओढ बसत होती, पण ती जुनी जीवघेणी कळ नव्हती. थोरल्यांना इतका आनंद झाला, की तोंडाचा पट्टाही पाच महिन्यांनी सुटला.

"डॉक्टर, दोन भोवरे आहेत की तुम्हाला! दोन लग्नं ठरलेली."

"आधी एक तर होऊ द्या. या जंगलापायी दोन स्थळं हातची गेली."

"मग आता तिसरं आणा. लग्नाच्या दिवशी डोकं माझ्याकडे."

धाकट्याची कात्री केव्हाच थांबली होती. त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या डोक्यानिशी मान वळवून इकडेच बघत होतं.

शेवटी थोरल्यांनी कापड झटकलं. गिऱ्हाइकाला मागची बाजू दाखवायचा त्यांचा छोटा आरसा वरच्या खिळ्याला पाच महिने धूळ खात होता. त्यांनी तो उजव्या हातानं काढला, बाहीला पुसला आणि डॉक्टरांच्या डोक्यामागे उंच धरला. डॉक्टरांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"सुरेख. दिसलं, काका. ठेवा खाली."

आरसा हलला नाही.

"काका, दुखतंय का?"

"बोलू नका," थोरले म्हणाले. "चार... पाच..."

बाकावरून कुणीतरी "सहा" म्हटलं. सातला सगळा बाक बोलत होता. आठला धाकट्यानं खाली पडलेली चादर उचलून धुण्याच्या कपड्यांत टाकली आणि खिशातून फोन काढला. "हां, मीच बोलतोय," तो नाक ओढत म्हणाला. "सोमवारी येऊ नका. जागा भरली."

"नऊ! दहा!" बाक ओरडला.

डॉक्टर हसत उठायला लागले. थोरल्यांनी डाव्या हातानं त्यांना पुन्हा खुर्चीत दाबलं. उजवा तसाच वर होता.

"अकरा," ते म्हणाले.