नको कोणाला होती?

बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागे जास्तीचं पाणी दिसलं, तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्यांवरच ग्युचोल बायकोला म्हणाला होता, "उन्सुक, हे आपल्याला झेपायचं नाही. वेळेत मोकळे होऊ या." उन्सुक भांडली नाही, पण तिने ऐकलंही नाही. पुढच्या सगळ्या तपासण्यांना ती एकटीच गेली, आणि मुलगी जन्मली ती अगदी ठणठणीत.

आज सोदामला सात वर्षं पूर्ण झाली. कोरियात वाढदिवसाला करतात ते समुद्री शेवाळाचं सूप भुरकता भुरकता पोरीने मान वर केली.

"आई, आजी मावशीला सांगत होती, मी पोटात असताना डॉक्टरांना माझ्यात काहीतरी खोट दिसली होती. मग तुमच्यातल्या एकाला मी नको होते. खरंय?"

ग्युचोलने चमचा खाली ठेवला. सात वर्षं तो याच प्रश्नाला भीत आला होता. खरं काय ते आपणच सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण पोर आईकडेच वळली होती.

"कोणाला गं, आई?"

उन्सुकने लेकीचे केस मागे सारले.



"मला गं, राणी. मी फार घाबरले होते. बाबा ठाम राहिले, म्हणून तू आहेस."