बाराव्या महिन्याचं पत्र

"कुणाकुणाला गेली पत्रं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ज्यांच्या ज्यांच्या तारखा आल्या, त्या सगळ्यांना," त्यांची धाकटी जाऊ म्हणाली. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

प्रसूतिगृहाच्या मागच्या खोलीत, औषधांच्या खोक्यांना खेटून कॉम्प्युटरचं टेबल होतं. इथूनच बाळंतिणींना दर महिन्याला ईमेलनं पत्र जाई. बाळाच्या एकेका महिन्याचं एकेक, अशी बारा पत्रं डॉक्टरीणबाईंनी लिहिलेली. पाठवायचं खातं जावेकडे. जुनं सॉफ्टवेअर उठल्याबसल्या अडायचं. कुणाला कितवं पत्र, ते दर वेळी हातानं निवडावं लागायचं. म्हणून जावेनं नवी तीन वापरून पाहिली, दोहोंना नाक मुरडलं आणि तिसरं पसंत केलं. त्याला जन्मतारीख दिली की पुढचे महिने ते स्वतः मोजायचं. गेल्या आठवड्यात तिनं जुनी यादी उचलली आणि नव्यात ओतली.

ओतताना एक गोष्ट राहून गेली. पत्रं बंद करून घेतलेल्यांची नावं जुन्यानं बाजूला ठेवली होती. नव्याला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं सरसकट सगळ्यांना आपलं म्हटलं, तारखा मोजल्या आणि इमानेइतबारे पत्रं धाडली. आज सकाळी एकीनं चिडून लिहिलं तेव्हा कुठे हे उघडकीला आलं.

"पत्रं बंद करणाऱ्या बऱ्याच असतात हो, ताई," जाऊ म्हणाली. "कुणी कंटाळतं, कुणी गाव सोडतं..."

"आणि कुणाचं बाळ जातं."

जावेनं यादी पडद्यावर उघडली.

डॉक्टरीणबाई चष्मा पुसून पडद्यावरची नावं वाचू लागल्या. प्रत्येक नावापुढे त्यांना चेहरा दिसत होता. एका नावापाशी त्या थांबल्या. काचेच्या पेटीतलं ते बाळ आठवडाही काढू शकलं नव्हतं.

"हिला गेलं?"

"काल. वाढदिवसाचं." जावेनं माऊस हलवला. पत्र कुणी उघडलं, किती वेळा उघडलं, हेही नवं सॉफ्टवेअर दाखवायचं. "उघडलंय तिनं. पुन्हा पुन्हा उघडलंय."

पत्राची सुरुवात डॉक्टरीणबाईंना तोंडपाठ होती. अभिनंदन, तुमचं बाळ आज एक वर्षाचं झालं. आता ते भिंतीला धरून उभं राहत असेल. लिहिताना स्वतःवर किती खूश होत्या त्या.

"ताई, मी माफीचं पत्र तयार केलंय," जाऊ घाईनं म्हणाली. "एक बटण दाबलं की सगळ्यांना जाईल. आणि हिचं नाव आत्ताच काढून टाकते."

"माफी काय घाऊक मागायची?" त्यांनी टेबलावरचा फोन ओढला. "नंबर सांग."

फोन लगेच उचलला गेला.

"मी प्रसूतिगृहातून डॉक्टर बोलतेय. काल तुला आमचं पत्र आलं. जायला नको होतं गं ते. चूक आमची आहे. तू पत्रं बंद करायला सांगितली होतीस, तरी..."

"मी नव्हतं सांगितलं."

डॉक्टरीणबाईंनी जावेकडे पाहिलं. जावेनं मान हलवून पडद्यावर बोट ठेवलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: पत्ता हिचाच, विनंती हिचीच.

"तुझ्याच ईमेलवरून बंद झाली होती."

"ह्यांनी केलं असेल. तेव्हा माझा फोन ह्यांच्याकडेच असायचा." आवाज शांत होता. "माझ्या काळजीपोटीच केलं असणार. मी घरी यायच्या आत पाळणा देऊन टाकला होता. टोपडी, दुपटीसुद्धा. मला वाटलं, पत्रं तुम्ही थांबवलीत. म्हटलं, तुम्हीपण विसरलात त्याला."

डॉक्टरीणबाई विसरल्या नव्हत्या, पण वर्षभरात एक फोनही केला नव्हता, हेही तितकंच खरं.

"काल त्याचा वाढदिवस होता, डॉक्टर. घरात दिवसभर गळक्या नळाबद्दल बोलणं चाललं होतं. नळ बदलायचा की नुसतं वायसर. ह्यांनाही तारीख माहीत होती, मला दिसत होतं ना. पण काढायचा कुणी विषय? मग तुमचं पत्र आलं."

दारातून आयाबाई डोकावल्या. बाहेरचं बाकडं भरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी हातानंच त्यांना थांबवलं आणि स्टूल ओढून त्या खाली बसल्या.

"आता पुढचं कधी येतं?"

"पुढचं नसतं गं. वर्षापर्यंतच असतात."

"असं होय." तिनं विचारलं, "मग मधली? ती तर मला आलीच नाहीत. एकदम बारावंच आलं."

जाऊ खुणेनं विचारत होती, नाव काढू ना? बाण बटणावर नेऊन ती तयारच बसली होती. डॉक्टरीणबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"पाठवते," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "सगळी पाठवते."

"आत्ता सांगता येईल थोडं? हे बाहेर गेलेत."

ही माहिती डॉक्टरीणबाईंनी जन्मभर सांगितली होती, कधी चालता चालता, कधी हात धुता धुता. आज त्यांना एकेक शब्द उचलावा लागत होता.

"पहिल्या महिन्यात त्याची नजर ठरली असती. तुझ्या तोंडाकडे बघत राहिला असता." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "दुसऱ्यात हसायला लागला असता. तिसऱ्यात मान धरली असती."

"मग?"