तीन तारा

भोंग्यावर कॅसेट तिसऱ्यांदा लागली आणि लटारूने तोंडातला खर्रा अर्ध्यातच थुंकला. शंकरपटाच्या मैदानावर बैलांच्या शर्यती उरकल्या होत्या, तरी एकही माणूस हलला नव्हता. सगळे माना डोलवत बसले होते. गिटार निकेशची, आवाज निकेशचा आणि या खेपेला गाणीही निकेशचीच. आज त्याच्या नव्या कॅसेटचं प्रकाशन होतं. लटारूच्या पोटात कालपासून दुखत होतं आणि ते दुखणं गोळीने थांबणारं नव्हतं.

लटारू हा नाटक मंडळीतला थोरला गिटारवाला. निकेशला मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून तो लटारूच्या हाताखाली वाजवायचा. कधी काळी कॅसेट निघालीच तर आधी लटारूची निघणार, असं सगळे धरून चालले होते. लटारू तर नक्कीच. पण नागपूरचा कॅसेटवाला नाटक पाहून पडद्यामागे आला आणि त्याने थेट निकेशच्या खांद्यावर हात ठेवला. लटारूकडे त्याने प्यायला पाणी मागितलं.

पहिली कॅसेट आली तेव्हा मात्र लटारूला बरंच वाटलं. सगळ्या चाली सिनेमातल्या आणि शब्द असे की ऐकणाऱ्यानेच लाजावं. ती आपटली त्या दिवशी लटारूने घरी कोंबडी कापली. बायकोने विचारलं, "काऊन जी, आज कोणता सण हाय?"

"असंच. मन झालं," लटारू म्हणाला.

पण कॅसेटवाल्याने निकेशला पुन्हा बोलावलं, तेव्हा लटारूचा धीर सुटला.

मंडळीत एक रीत होती. तारा जुळवायच्या त्या थोरल्यानेच. धाकट्याने खुंटीला हात लावायचा नाही. लावला तर थोरल्याचा अपमान, आणि वर हंगाम वाईट जातो म्हणतात. निकेशने ही रीत कधी मोडली नव्हती. नागपूरला निघताना ब्रह्मपुरीच्या बस स्टँडवरही त्याने दोन्ही हातांनी गिटार पुढे धरली. "भाऊ, जुळवून द्या ना."

जीपवाल्यांच्या आरडाओरड्यात कोणाला काही ऐकू येत नव्हतं. लटारूने खुंट्या पिळून तीन तारा सुराच्या खाली उतरवल्या. नेहमीच्या जागी बोटं पडली की बेसूर निघेल, एवढ्याच. मग निकेशच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा, नाव काढ."

पुढचं सारं त्याला निकेशसोबत गेलेल्या तबलजी इसरूने रंगवून सांगितलं. नागपूरला रेकॉर्डिंगच्या वेळी निकेशची एकही जुनी चाल वाजेना. खुंटीला तर हात लावायचा नाही. घामाघूम होऊन त्याने शेवटी चहाचा रिकामा ग्लास उचलला, आडवा धरला आणि तारांवरून घासत नेला. गिटार रडली. त्या रडण्यावर सिनेमातले शब्द काही बसेनात. मग निकेश जे कधीच कोणाशी बोलला नव्हता, तेच गाऊ लागला.

"बाप गेला पुरात, डोंगा आला परत..."

निकेशचा बाप लहानशा होडीतून, डोंग्यातून, वैनगंगेत मासे धरायचा. त्या पुराची गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती, पण निकेशच्या तोंडून तिच्याबद्दल चकार शब्द कोणी ऐकला नव्हता. कॅसेटवाला म्हणे खुर्चीतून उठलाच. तिकडे अमेरिकेत अशा रडत्या गाण्याला ब्लूज म्हणतात, म्हणाला. तिकडे काही का म्हणेनात, इकडे मैदानावर भोंग्यातून तेच वाजत होतं.

लोक करायला जातात गणपती आणि होतं माकड. लटारू करायला गेला माकड आणि झाला गणपती! तो जळत होता. गाणं वाईट असतं तर तो सुखाने झोपला असता. पण गाणं चांगलं होतं. दोनदा त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या पाण्याचाही त्याला राग आला होता. शिवाय त्या रडण्यात आपला हात आहे, हे कोणाला सांगायची सोय नव्हती. श्रेय मागायचं तर आधी पाप कबूल करावं लागलं असतं.

भोंगा थांबला. निकेश गळ्यात गिटार अडकवून मंचावर आला. पुढच्या रांगेत त्याची आई भागीरथाबाई डोक्यावरचा पदर सावरत बसली होती. "डोंगा! डोंगा!" लोक ओरडले. निकेशने ग्लास तारांवर टेकवला, ओढला आणि थांबला. पुन्हा ओढला. मैदानात चुळबुळ सुरू झाली.

"काय झालं गा?" लटारूने इसरूला विचारलं.

"काल तार तुटली ना बाप्पा. साऱ्याच नव्या टाकल्या. दुकानवाल्यानंच जुळवून देल्ल्या."

लटारूच्या ध्यानात आलं. नागपूरपासून निकेशने तशीच उतरलेली ठेवलेली गिटार दुकानवाल्याने सरळ, नेहमीसारखी जुळवली होती. आता ती काही रडत नाही. आज पहिल्यांदाच त्याला हसू आलं.

"लटारूभाऊ!" भोंग्यातून हाक आली. "इकडे या जी."

हसू जागच्या जागी वाळलं. शेकडो माना वळल्या. त्या तीन तारा मुद्दाम उतरवल्याचं कॅसेटवाल्याने निकेशला सांगितलं असणार. आता साऱ्या गावासमोर, त्या म्हातारीसमोर आपली अब्रू जाणार. लटारू पायऱ्या चढला. थंडीने तारा उतरतात, असं सांगायचं त्याने वर पोचेपर्यंत ठरवून ठेवलं.

निकेशने गळ्यातली गिटार काढली आणि नेहमीसारखी दोन्ही हातांनी पुढे धरली. मग त्याने एक हात सोडून माइकवर पंजा ठेवला.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "तेवा बिघडवून देल्ली होती ना तुमी, तशीच बिघडवून द्या. दुसऱ्या कोणाच्या हातानं ते जमत नाई."