लाल रेघ

भरकटलेलं रॉकेट हवेतच फोडायचं बटण त्याच्या हाताखाली होतं, आणि रॉकेटचा वरचा टप्पा त्याच्या बायकोने घडवला होता. "वेळ आली तर तो माझीही भीडभाड ठेवणार नाही," असं तिनेच साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

चाचणीच्या दिवशी खालचा टप्पा अलगद परत येऊन उभा राहिला. भिंतीपलीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. इकडे पडद्यावर वरच्या टप्प्याचा ठिपका मात्र लाल रेघेकडे सरकू लागला. रेघेपलीकडे समुद्रात मासेमारीच्या होड्या होत्या. ठिपका रेघेला टेकला की बटण दाबायचं, एवढंच त्याचं काम.

"वळ रे बाबा, वळ," तो पुटपुटत राहिला. ठिपका रेघ ओलांडून गेला, तेव्हा कुठे त्याचं बोट खाली गेलं.

थोड्या वेळाने ती दारात आली. चेहरा पांढराफटक. त्याने मान खाली घातली.

"माफ कर गं. तुझी सगळी मेहनत मातीत घातली मी."

"मेहनत गेली खड्ड्यात! रेघेवरच का नाही दाबलंस?"

"वाटलं, वळेल. तुझं होतं ना ते..."

तिने पडद्याशी येऊन रेघेपलीकडे बोट टेकवलं.

"एका होडीतून कुणीच उत्तर देत नाहीये."