सगळे सोडून देतात ते पान

उमाबाईंनी लाल फितीची खूण काढून गल्ल्यावर ठेवली होती आणि पुस्तक भलत्याच पानावर उघडलं होतं. दुकानाच्या पायरीवरूनच सुकन्येला ते दिसलं आणि ती तिथेच थबकली.

ती लाल फीत तिनेच घातली होती. त्याआधी आठवडाभर डोकं शिणवलं होतं. सुकन्या ख्रिस्ती घरातली, मुरुडच्या शाळेत विज्ञान शिकवायची. भुसार दुकानदाराचा राजशेखर तिच्याशीच लग्न करीन म्हणून अडून बसला होता. त्याची आई उमाबाई ‘हो’ही म्हणाल्या नव्हत्या आणि ‘नाही’ही. "तुमची पोथी आणून दे. वाचते, मग बघू," एवढंच त्यांचं बोलणं. आणि उमाबाईंनी ‘बघू’ म्हटलं की त्या खरंच बघतात. त्याच्या वडिलांचं, मलप्पांचं, मात्र पहिल्या दिवशीच ठरलं होतं. "पोरगी हुशार हाय, मानसं चांगली हायेत. पन परक्यातली सून आपल्या खानदानात बसायची न्हाई."

म्हणजे सगळी मदार त्या वाचनावर. आणि बायबल काही एका बैठकीत हातावेगळं होणारं पुस्तक नाही. आरंभापासून घ्यावं, तर पुढे नियमांच्या पानांत भलेभले दमतात. मधेच उघडावं, तर नेमकी लढाई निघायची. लोह्याला वडिलांना फोन केला. ते म्हणाले, स्तोत्रे दे, मन निवतं. चर्चचे पाळक म्हणाले, मार्कच्या शुभवर्तमानापासून दे, आटोपशीर आहे. राजशेखरने जन्मात दुकानाच्या पावतीपलीकडे काही वाचलेलं नव्हतं. तो म्हणाला, "चित्रं कुठंयत? तिथून दे." शेवटी सुकन्येने येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी फीत घातली. दया, क्षमा, गोरगरिबांचा कळवळा. कुठल्याही आईला पटेल असं.

आणि बाईंनी फीतच काढून टाकलेली!

सुकन्या आत आली. गल्ल्यावर धुतलेलं फडकं अंथरून त्यावर बायबल ठेवलं होतं. उमाबाईंच्या कपाळावर ताजी विभूती होती. पूजा झाल्याशिवाय पोथीला हात लावायचा नाही हा त्यांचा नेम, मग पोथी कुणाची का असेना. तुरीच्या पोत्यांना टेकून मलप्पा पेपर वाचत होते. निदान पेपर तोंडासमोर धरला होता.

"काकू, मी खूण घातली होती..."

"बगितली की. पन मधूनच कुटूनबी कसं वाचावं? राजशेखरला म्हनलं, त्यांचा देव जन्मला ते पान काढ. त्यानं ह्ये काढलं."

सुकन्येने पान ओळखलं आणि मनातल्या मनात राजशेखरला लाख शिव्या दिल्या. बायबलच्या दुसऱ्या भागाचं, नव्या कराराचं पहिलंच पान. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा. नावांची नुसती रांग. हे पान तिच्या घरीसुद्धा कुणी धड वाचत नसे. लहानपणी ती इथे अडखळली की वडील म्हणायचे, चल पुढं.

"काकू, हे सोडून द्या. नुसती नावं आहेत. खरी गोष्ट पुढं सुरू होते."

उमाबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "सोयरीक बगाया गेल्यावर मानूस पहिल्यांदा काय इचारतंय? कुनाचा कोन, आजा कोन, पनजा कोन. मंग बाकीचं. तुमच्या लोकायनी तर समदं लिहूनच ठिवलंय की. लई आवडलं बग मला."

त्यांचं बोट ओळीवरून सरकू लागलं. अब्राहाम, इसहाक, याकोब. बोट तामारेवर आलं आणि सुकन्येला घाम फुटला. मग राहाब आली. एकीला सासऱ्यापासून मुलं झालेली, दुसरी वेश्या; या दोघींच्या गोष्टी सकाळी सकाळी होणाऱ्या सासूला सांगण्यासारख्या अजिबात नव्हत्या. बोट पुढे गेलं. सुकन्येने श्वास सोडला. तेवढ्यात बोट थांबलं.

"समदे बाप्ये, बाप्ये, आन मधीमधी एकांदी बाई. ही रूथ कोन? कुटली?"

पेपराची सळसळ थांबली.

 मोठ्या राजाची पणजी, एवढं सांगून सुटता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. पण समोर ते पुस्तक उघडं होतं, आणि त्याच्यावरून हात फिरवून अर्धंच सांगणं सुकन्येला जमेना. तिला राजशेखर हवा होता, हे घर हवं होतं, पण असं नको होतं.

"परक्या मुलखातली होती, काकू," ती म्हणाली. "तिचे लोक वेगळे, देव वेगळा. यांच्यातल्या मुलाशी लग्न झालं. तो वारला. सासू म्हणाली, तू माहेरी जा. पण ती गेली नाही. सासूसोबत चालत तिच्या गावाला आली."

"सासूला सोडलं न्हाई?"

"नाही. तिथं एका भल्या शेतकऱ्यानं तिच्याशी लग्न केलं. दावीद राजा तिचा पणतू. आणि त्याच्याच वंशात येशूचा जन्म."

बोलून झालं आणि आपण काय केलं ते तिच्या ध्यानात आलं. मलप्पांच्या तोंडचा शब्द तिने स्वतःच आणून गल्ल्यावर ठेवला होता. परकी. आता उरलं काय? शाळेची घंटा व्हायच्या आत इथून निघावं, रडायचं ते वाटेत रडावं, असं तिला वाटलं.

 उमाबाईंनी गल्ल्यावरची लाल फीत उचलली, त्याच पानात घातली, पुस्तक मिटून कपाळाला लावलं आणि मान वळवली.

"अवो, त्यो पेपर खाली ठिवा. ऐकलं न्हवं? त्यांच्या देवाच्या खानदानात परक्यातली सून बसली. तुमचं खानदान काय देवापरीस मोटं हाय व्हय?"