तेजूच्या खोलीची जाळी

जमिनीखालच्या वसाहतीत हवा यायची ती फक्त पंख्यांतून. एखाद्या खोलीच्या जाळीपाशी हवा अडली, की यंत्रणा ती खोली रिकामी समजून झडपच मिटून टाकायची.

पंख्यांवर लक्ष ठेवणाऱ्या इरावतीनं पडद्यावर पाहिलं, तेजूच्या खोलीची झडप मिटली होती. आत तेजू आणि तिचं कालच जन्मलेलं बाळ!

इरावती धावत सुटली. तिनं दार ढकललं.

"हळू!" तेजूची आई, जानकीमावशी, कुजबुजल्या. "दोघं कशी गाढ झोपलीत."

जाळीत गोधडी कोंबलेली होती.

"मावशी, हे काय केलंत?"

"बाळंतिणीला वारा लागतो गं."

इरावतीनं गोधडी उपसली, झडप हातानं उघडली. झोत थेट पाळण्यावर आला. बाळ हलेना. तेजूही हलेना.

मग बाळ शिंकलं. तेजूनं डोळे उघडले.

"बघ!" मावशी कडाडल्या. "लागला ना वारा!"