कल्हई

मधुकररावांची भंडाऱ्यात पितळेच्या भांड्यांची पेढी. तिच्या मागच्या ऑफिसात त्यांनी हौसेनं खाऱ्या पाण्याची मोठी काचपेटी मांडली. आत जिवंत पोवळी, समुद्रातले रंगीत मासे. पाण्यात मीठ कालवायला विक्रेत्यानं प्लास्टिकची बादली दिली होती. पितळेच्या पेढीवर प्लास्टिक कसं शोभणार? मधुकररावांनी ती माळ्यावर टाकली आणि पाण्याचा नवाकोरा पितळी गुंड काढला.

आठवड्यात पोवळी पांढरी पडली, मासे एकेक करून मेले. लोडशेडिंगला शिव्या देत ते आणखीच पाणी बदलत राहिले. शेवटी एकच मासा उरला.

"अंकुश, रात्री कालवून ठेवलेलं पाणी टाक बापा त्याले," असं मुलाला सांगून ते गिऱ्हाइकाकडे वळले. एक बाई लेकीच्या आंदणासाठी पातेलं पाहत होती. मधुकररावांनी जन्मभर सगळ्यांना सांगितलेलं तिलाही सांगितलं, "बाई, आधी कल्हई करून घ्या. कल्हईबिना पितळेत खारट ठेवलं, तं कळकते. जहर होते त्याचं."

आणि पातेलं तसंच टाकून ते ऑफिसाकडे धावले.

आतून अंकुश म्हणाला, "बाबा, पुरा गुंड ओतला."